लेकुरवाळा कांदा

शहराच्या कडेच्या वाडीत आमचं घर शोधताना पाहुणे हमखास चुकतात. सगळीकडे सारखीच गोदामं, सारखीच शटरं आणि मधे आडवे लावलेले ट्रक. मग मी फोनवर सांगते, "कांदे तपासणाऱ्या भाऊंचं घर विचारा, त्याच्या शेजारी आम्ही." पाहुणा बिनचूक येतो आणि चपला काढता काढता विचारतो, "उत्तराताई, कांद्यात तपासायचं काय असतं हो?" मी म्हणते, बसा, चहा घ्या. ते स्वतःच येतील सांगायला, आणि मग तुमची शेवटची बस चुकेल.

हे भाऊ म्हणजे प्रेमानंद गजघाटे. ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तिच्याच गोदामात ते आधी हमाल होते आणि पुढे गोदाम सांभाळू लागले. माणूस शांत. मालकाची बोलणी खाऊनही कधी आवाज चढवला नाही. पण बाजारातल्या बारक्या कांद्याकडे बोट दाखवून कुणी "हाही तुमच्या घरच्यासारखाच ना, भाऊ?" म्हटलं की कपाळावर आठी. मला तर या आठीचा रागच यायचा. अहो, फोडणीत पडला की सगळे कांदे सारखेच. एवढं काय त्यात?

पण त्यांच्या घरचा कांदा खरोखर निराळा होता, हे मुकाट्यानं मान्य करते. त्यांची आई तुळसाबाई कळमेश्वरकडच्या एका खेड्यातून मजुरीसाठी शहरात आली, ती पदराच्या गाठीत हे कांदे बांधून. खेड्यात त्यांची शेती नव्हती. झोपडीमागे चार हात जागा होती, तिच्यात हाच कांदा. एक लावायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उपटायचा, तर एकाच बुडाला चिकटलेली पाच-सात भावंडं बाहेर निघतात. तुळसाबाई त्याला लेकुरवाळा कांदा म्हणायच्या, लेकुरवाळं हळकुंड म्हणतात तसं. याला फूल धरत नाही, बी येत नाही. यंदाच्या घोसातले काही राखून ठेवायचे आणि दिवाळीनंतर तेच पुन्हा लावायचे. एखाद्या वर्षी घरातल्यांनी सगळे खाल्ले की संपलं. दुकानात मागून मिळायची सोय नाही.

तुळसाबाई मागेल त्याला मूठभर द्यायच्या. "ठेवलेला कांदा सडते, देल्लेला फुटते," असं त्यांचं म्हणणं. घेणाऱ्यानं पुढच्या वर्षी एक घोस परत आणून द्यायचा, एवढी रीत. एकदा कुणीतरी परत देताना त्यात बाजारची गोल्टी मिसळली. गोल्टी म्हणजे मोठ्या कांद्यातून निवडून काढलेला बारका माल, वरवर पाहता याच्यासारखाच. अख्खा वाफा भेसळला आणि ती भेसळ काढता काढता म्हातारी मेटाकुटीला आली. ती गेल्यावर प्रेमानंदभाऊंनी देणंच बंद केलं. कांदा गच्चीवरच्या टपांत लावायचा, निघालेला जाळीदार पिशवीत भरून पत्र्याखालच्या दांडीला टांगायचा, आणि गल्लीत कुणाच्या हातावर एकही ठेवायचा नाही. मी एकदा मागितला होता. म्हणाले, "ताई, तुम्ही मिसळवून टाकान." मी बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

खुणा सांगताना मात्र त्यांचा हात कधी आखडला नाही. कांदा तळहातावर घ्यायचे आणि हळूहळू फिरवायचे. "हा गाल पाहा. लेकुरवाळ्याचा एखादा गाल चपटा राहते, भावंडाले टेकून वाढला न तो. गोल्टी एकटी वाढते, चारी बाजूनं गोल." मग उलटा करून बूड दाखवायचे. "घोसातून तोडला, तिथं बाजूले हा व्रण राहते. गोल्टीले व्रण नाही." मग मान, बारीक आणि वाळून दोऱ्यासारखी झालेली. मग साल, पातळ आणि तांबूस. आणि आडवा कापला तर आत कोंबांचे डोळे दोन किंवा तीन, गोल्टीत बहुतेक एकच. दक्षिणेकडच्या लोकांसाठी बाजारात येतो तो सांबार कांदाही घोसातच वाढतो, पण तो गुलाबी आणि ठेंगणा. एकदा त्यांच्या मुलानं, पियुषनं, मॉलमधून डब्यातला महागडा लांबट कांदा आणला, वर परदेशी नाव. भाऊंनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "आपल्याच गोतातला आहे, पण आपल्या घरचा नाही." वर नेहमीचं वाक्य होतंच, "एका खुणेवर माणूस ओळखू नये, ताई. कांदा तर नाहीच नाही."

पियुषचं लग्न झालं त्या वर्षीच्या दसऱ्याची ही गोष्ट. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर माणसं लोटतात आणि त्यांच्यासाठी रस्तोरस्ती भोजनदानाचे मंडप लागतात. आमच्या गल्लीचाही एक असतो, अमरावती रोडवर. भात, वरण, भाजी. पुढाकार भाऊंसारख्या बौद्ध घरांचा, पण आदल्या दुपारी कांदे चिरायला सगळी गल्ली बसते, आम्हीही. चिरायला हात हवेत आणि गप्पांना तोंडं हवीत.

त्या वर्षी एका व्यापाऱ्यानं गोल्टीची पोती दान म्हणून पाठवली. एवढेसे बारके कांदे सोलायचे म्हणजे बोटांची सालं निघायची. मी कुरकुरले, तर समोरच्या घरातली हर्षा फटकन म्हणाली, "दान की बछिया के दाँत नहीं देखते, ताई. चिरा मुकाट्यानं." हर्षाचा नवरा ट्रक चालवतो आणि ही तोंड चालवते, दोघांनाही ब्रेक नाही. भाऊंच्या दारासमोर ताडपत्रीवर गोल्टीचा डोंगर ओतला आणि आम्ही भोवती सुऱ्या घेऊन बसलो.

पायल, म्हणजे पियुषची बायको, जरीपटका भागातली. मे महिन्यात लग्न होऊन आलेली. सासरचा पहिलाच दसरा, आपल्या घराचा वाटा कमी पडू नये असं तिला वाटलं. माहेरी गच्चीवर टांगलेला कांदा म्हणजे खायचाच कांदा. तिनं दांडीवरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या पिशव्या काढल्या, खाली आणल्या आणि त्याच ढिगावर उलट्या केल्या. आमच्यातल्या एकीच्याही लक्षात आलं नाही. आम्ही एका लग्नातल्या जेवणाची उणीदुणी काढत होतो.

भाऊ मोठे गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, आणायला गेले होते. गंज उतरवून आले आणि माझ्या ताटापाशी थबकले. ताटात मी नुकताच आडवा कापलेला कांदा होता. त्याला तीन डोळे होते.

"हा कुठचा, ताई?"

"ढिगातला. कुठचा म्हणजे?"

त्यांनी मान वर करून गच्चीवरच्या पत्र्याकडे पाहिलं. दांडी रिकामी. त्यांच्या मागोमाग पायलनंही पाहिलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. "बाबा, मी सगळ्याच पिशव्या आणल्या," ती म्हणाली. "मले वाटलं, घरचे आहेत तर..." आणि ती रडायला लागली.

मला वाटलं, आज हा शांत माणूस फुटणार. ते ढिगाकडे पाहत राहिले, मग ढिगाभोवतीच्या सुऱ्यांकडे. मग मांडी घालून खाली बसले. "रडू नको. कांद्यानं रडून राहिली असं समजतीन लोक," ते सुनेला म्हणाले. "चूक माही आहे. मी कोणाले सांगतलंच नाही, तर तुले कसं समजन?"

"मग घ्या ना निवडून," हर्षा म्हणाली. "आम्ही थांबतो."

"कसा घेऊ वं? दानात पडला तो. दान देऊन परत कोण घेते?"

हे ऐकलं आणि सगळ्यांच्या सुऱ्या थांबल्या. म्हणजे तुळसाबाईंचा कांदा, पदराच्या गाठीतून आलेला, उद्या सकाळी भाजीत जाणार आणि जगात कुठे उरणार नाही. या माणसाला तो डोळ्यांसमोर दिसतो आहे आणि हा हात लावत नाही. माझा जीव कळवळला. एरवी मी त्यांच्या कांद्याला नाकं मुरडायची, पण त्या क्षणी ढिगावर आडवं पडून कुणालाही सुरी लावू देऊ नये असं वाटलं.

पायलच बोलली. डोळे पुसत, हळू आवाजात. "बाबा, जेवढे काढू त्याच्या बदल्यात मोठे टाकले तर? म्हणजे दान कमी नाही होणार. वाढनच."

भाऊंनी जरा विचार केला. "एकाले एक," ते म्हणाले. "आणि टाकायचा तो याच्याहून मोठा." पियुष लगेच गाडी काढून कांद्याचं पोतं आणायला गेला. हर्षा तर खूशच झाली. मोठे कांदे, भराभर चिरून होतील.

मग सुरू झालं. चिरणं थांबवता येत नव्हतं, स्वयंपाक्याला कांदा द्यायचा होता. म्हणून आधी प्रत्येक कांदा हातात घ्यायचा, फिरवायचा, आणि मगच सुरी. "भाऊ, हा?" "गाल चपटा आहे, पण बूड पाहा, व्रण नाही. दाटीत वाढलेली गोल्टी आहे, चिरा." "आणि हा?" "मान जाड आहे. चिरा." हर्षानं विजयी मुद्रेनं एक वर केला, कापलेला, दोन डोळ्यांचा. "जोडकांदा आहे तो," भाऊ म्हणाले. "एका सालीत दोन. एका खुणेवर..." "माणूस ओळखू नये," आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो. मला एक सापडला, गाल चपटा, बुडाला व्रण, मान दोऱ्यासारखी, साल तांबूस. भाऊंनी तो घेतला आणि नुसती मान डोलावली. खोटं कशाला सांगू, नोकरीत बढती मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

ज्यांचा निकाल लागेना त्यांचं पायलनं वेगळं ताट केलं होतं. त्यांची भाऊ वरून फक्त मान छाटायचे आणि आतले डोळे पाहायचे. बूड शाबूत असलं तर असा कांदाही लावता येतो. ऊन उतरेपर्यंत ढीग संपला. पिशव्या भरून कांदे होते, त्यांतले एका ताटलीत मावतील एवढे हाती लागले. बाकीचे आम्ही ओळखायला लागण्याआधीच चिरून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मंडपात भाऊंनी स्वतः भाजी वाढली. कुणी बुलढाण्याचे, कुणी तेलंगणातून आलेले, लेकरं कडेवर, पाय धुळीनं माखलेले. एका म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. भाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "मायनं मागेल त्याले देल्ला असता. आज देल्ला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या वेळी जवळपास कुणी कांदा चिरत नव्हतं.

दिवाळीनंतर ते ती ताटली घेऊन दारोदार फिरले. चिरायला बसलेल्या प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन कांदे. माझ्या दारात आले तेव्हा मी सोडते होय? "मी मिसळवून टाकीन हं," मी म्हणाले.

"आता नाही मिसळवान. खुणा माहीत आहेत तुम्हाले," ते म्हणाले. मग उंबऱ्यावर टेकून बसले. "एकाच दांडीवर होता न ताई, म्हणून एका दुपारी जाऊन राहिला होता. मायचं बरोबर होतं." अट तुळसाबाईंचीच, निघाला की एक घोस परत.

तो हिवाळा आमच्या गल्लीला जाच झाला. मी रंगाच्या रिकाम्या बादलीत लावला होता, हर्षानं दारासमोर टपात. भाऊ सकाळी फिरायला निघायचे ते आमच्या कुंड्या तपासत. पाणी जास्त झालं, पात पिवळी का, इथं ऊन पोचत नाही. हर्षा कावायची. "मुलीचं स्थळ पाहायले आल्यासारखे येते हा माणूस." पण टपाला पाणी ती वेळेवर घालायची, मी पाहत होते.

फेब्रुवारीच्या शेवटी गारपीट झाली. आमच्या बादल्या सज्जाखाली होत्या, वाचल्या. भाऊंचे टप उघड्या गच्चीवर. पात झोडपून जमीनदोस्त झाली, टपांत पाणी साचलं आणि खालचे कांदे कुजले. हुंगूनच कळत होतं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या अंगणात येऊन माझ्या बादलीपुढे बसले. किती तरी वेळ पातीवरून बोट फिरवत होते. "माह्याकडचा संपला, ताई," ते म्हणाले. "तुमच्याकडे नसता तर आज मायचं काहीच उरलं नसतं." मी चहा टाकायला आत गेले, कारण मला बाहेर बसवेना.

कांदे निघाले तसे घोस त्यांच्या घरी यायला लागले. कुणाचे ठसठशीत, कुणाचे किडमिडे, पण सगळे खरे. पायल दारातच तपासायची, गाल, बूड, मान, आणि मग पिशवीत सोडायची. फक्त हर्षाचा आला नव्हता. तो घेऊन ती आली तेव्हा मी तिथेच बसले होते. स्टीलच्या वाटीत कांदे घालून आणले होते आणि येतानाच ती बोलत होती, ऊन किती वाढलं, पाण्याचा टँकर कसा आला नाही, एकातून दुसरं, थांबेचना.

मी सहज वाटीतला एक उचलून फिरवला. गाल जरासा चपटा, पण बुडाला व्रण नाही. मान जाड. दुसरा पाहिला, तोही तसाच. बाजारातून गालाचा जरासा चपटेपणा पाहून निवडून आणलेली गोल्टी होती ती. मी तोंड उघडलं, आणि माझं तोंड एकदा उघडलं की लवकर मिटत नाही. तेवढ्यात भाऊंनी माझ्या हातातून कांदा काढून घेतला. तळहातावर ठेवून नेहमीसारखा हळूहळू फिरवला, उलटा केला, बूड पाहिलं.

"मस्त भरला वं, हर्षा," ते म्हणाले. "मायचाच आहे."

हर्षा चहाला न थांबता गेली.

"तुम्हाला ओळखू आला नाही?" मी विचारलं.

"आला ना."

"मग?"

"तिच्या नवऱ्यानं ट्रक मागं घेतला, तं टपावरून चाक गेलं. मी गच्चीवरून पाह्यलं होतं. कांदे वेचून पाहत होती बिचारी, सारे चेंदामेंदा. त्याच्यानंतर बाजारात बसून एकेक निवडला असन तिनं." त्यांनी ती वाटी एका निराळ्या पिशवीत रिकामी केली आणि पिशवी दांडीच्या दुसऱ्या टोकाला टांगली. ज्या माणसानं मला एक कांदा नाकारला होता, तो हाच. मला त्या दिवशी ते फार आवडले.

पुढच्या दिवाळीनंतर ते पुन्हा ताटली घेऊन निघाले. मीही सोबत होते. हर्षाच्या दारात त्यांनी तिच्या हातावर दोन कांदे ठेवले. "हे तुह्याच घोसातले आहेत," ते म्हणाले.

हर्षानं एक उचलून फिरवला. तिचा अंगठा चपट्या गालावरून गेला. तिनं तो उलटा केला. बुडाच्या बाजूला व्रण होता, त्यावर अंगठा थांबला. खुणा तिनंही त्याच दुपारी शिकल्या होत्या. तिनं भाऊंकडे पाहिलं. भाऊ समोरच्या गोदामाचं शटर पाहत होते. हर्षानं दोन्ही कांदे पदरात घेतले, गाठ मारली आणि विचारलं, "भाऊ, टप यंदाही दारासमोरच ठेवू?"

"दारासमोर नको," भाऊ म्हणाले. "तिथं ट्रक येते."

तिनं मान डोलावली, डोळे पुसले आणि आम्हाला चहाला आत बोलावलं.